अस्तर

पिक्चरचं नाव आता कुणालाच धड सांगता येत नाही.
गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस पिळून होईतो
तीन म्हातारे तीन नावं सांगतात
आणि पेला रिकामा झाला की चौथं.
गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ:
एक गाव, दोन बँड, एकच वरात,
आणि नवरदेव घोड्यासकट बेपत्ता.

दोन्ही बँड खरे होते.
मंगळवार पेठेतला इलाही शिकलगारचा, लाल कोटांचा.
उत्तरेश्वराकडचा तुकाप्पा वाजंत्रीचा, हिरव्या.
याची क्लॅरिनेट, त्याचा ट्रंपेट
आणि मधे सोळा वर्षांचं वाकडं.
कुठल्याशा लग्नात आधी कोण थांबणार, यावरून लागलेलं.
कुणीच थांबलं नव्हतं म्हणे;
भटजींनी मंगलाष्टका खुणांनी उरकल्या.

माझा बाप दोघांचा शिंपी.
पापाच्या तिकटीला जिन्याखालचं दुकान,
एक मशीन, एक इस्त्री, दोन वह्या.
इलाही सकाळी यायचा, तुकाप्पा दिवे लागल्यावर.
माप घेताना बाप टेप दातांत धरायचा,
म्हणून इकडचं तिकडं कधी गेलं नाही.

स्टुडिओतून निरोप आला: छत्तीस कोट, आठ दिवसांत.
बाप लाल कापडासाठी इचलकरंजीला गेला,
हिरव्यासाठी रंगाऱ्याशी तीनदा भांडला
(पहिल्यांदा शेवाळ आलं, मग मेथी),
आठ रात्री आईनं काजं केली.
आणि शूटिंगच्या दिवशी
कॅमेऱ्यामागचा चष्मेवाला म्हणाला,
मास्तर, आमच्या डब्यात लाल काय, हिरवा काय,
दोन्ही करडेच.

मग ओळखू यावं म्हणून एका बँडला टोप्या.
कुठल्या बँडला, यात दुपार गेली.
शेवटी नाणं उडवलं. तेही कुणाच्या खिशातलं, यावर चहा झाला.
टोप्या तुकाप्पाकडं गेल्या.
वर हुकूम: वाजवू नका, वाजवल्यागत करा.
गाणं मुंबईत आधीच वाजवून झालंय.
सोळा वर्षांत पहिल्यांदा
दोघांनी एकमेकांकडं सरळ बघितलं.

मारामारीचा सीन कागदावर दोन ओळींचा होता.
जरा ढकलाढकली, असं लिहिलेलं.
'कट' चार वेळा ओरडून झालं.
घोडा निघून गेला. तो पिक्चरमधे खरंच जाताना दिसतो.

लक्ष्मीपुरीतल्या थेटरात पहिला खेळ.
पुढच्या रांगा बँडवाल्यांच्या, बायकापोरांसकट,
मधली वाट सरहद्दीसारखी मोकळी.
पडद्यावर दोन कोट भिंतीएवढे झाले,
खांद्यापासून टरकले,
आणि दोन्हींच्या आतून
एकाच कापडावरचे बारीक बारीक पोपट बाहेर आले.

शेवटच्या दोन कोटांना अस्तर पुरलं नव्हतं.
ते नेमके दोन मास्तरांचे.

"अगं बया, माझं पातळ!"
आई उभीच राहिली.
थेटर एवढं हसलं की पुढचं गाणं कुणाला ऐकूच आलं नाही.
लिहिणाऱ्यानं लिहिलेल्या एकाही विनोदाला
त्या रात्री तेवढा हशा मिळाला नाही.

रात्री दोघंही दुकानात, एकाच वेळी, पहिल्यांदाच.
"अस्तर एकच?" इलाही.
"आमच्या कोटाला ह्येंचं?" तुकाप्पा.
बाप सुईत दोरा ओवत होता. ओवून झाल्यावर म्हणाला,
"वरचा रंग तुमचा. आतलं माझं हाय."

समेट? छे.
वरातींवरून पुढं दोनदा पोलीस आले.
आणि त्या कोटांचे राहिलेले पैसे
दोघांनीही दिले नाहीत.
अकरा रुपये चार आणे, दोन्ही वह्यांत, एकाच तारखेला.

तुकाप्पा गेला त्या आठवड्यात
इलाही कोट घेऊन आला. लाल कसला, विटकरी झालेला.
तेव्हा मशीनवर मी बसायचो.
बाही उसवलीय म्हणाला, शिवून दे.
मी कोट उलटा केला. पोपट पार विरलेले,
बोट आरपार जात होतं.
अस्तरपण बदलतो चाचा, मी म्हटलं.

त्यानं कोट हिसकावलाच माझ्या हातातून.
मग परत ठेवला. नीट, घडीवर घडी.
"बाही म्हटलं ना? बाहीच कर."